सेन्सर घेण्याआधी व्हॉल्व्ह बघा

‘हवा टाईट मारू का?’ पंपावरच्या किंवा पंक्चरच्या दुकानातल्या मुलाने असं विचारलं की आपण मान हलवतो आणि मोकळे होतो. किती पीएसआय, पुढे किती, मागे किती, मागे कोणी बसणार आहे की एकट्यानेच जायचं आहे, हे ना तो विचारत ना आपण सांगत. मग टायर अंगठ्याने दाबायचा, नाहीतर बुटाने ठोकून बघायचा, की झालं समाधान. पण ट्यूबलेस टायरची बाजू एवढी कडक असते की ३२ च्या जागी २२ पीएसआय हवा असली तरी अंगठ्याला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो वळणावर, मागचं चाक शेपटी हलवल्यासारखं करू लागतं तेव्हा.

यावर उपाय म्हणून टीपीएमएस नावाचं यंत्र आता मोटारसायकलवाल्यांच्या बोलण्यात सर्रास येतं. दोन्ही चाकांना एकेक छोटा सेन्सर, हँडलवर एक छोटा पडदा किंवा मोबाइलमध्ये अ‍ॅप, आणि हवा कमी झाली की लगेच सूचना. वस्तू कामाची आहे आणि मी तिच्या बाजूचाच आहे. पण ऑनलाइन दुकानात तिचे ढीगभर प्रकार दिसतात, सगळ्यांच्या वर्णनात तीच ती वाक्यं असतात, आणि घेणारा शेवटी किंमत आणि पिवळे तारे बघून बोट दाबतो. माझं सांगणं एवढंच आहे की निवडीची सुरुवात सेन्सरपासून करू नका. आधी गाडीजवळ उकिडवे बसा आणि चाकाचा व्हॉल्व्ह नीट बघा. आपल्या गाडीला काय चालेल, हे निम्मंअधिक तिथेच ठरतं.

त्याच्याही आधी एक छोटी खरेदी करा. हातात धरून हवा मोजायचं बरंसं डिजिटल गेज घ्या. हजार रुपयांच्या आत मिळतं. ते जवळ असलं की पंपावरची यंत्रं एकमेकांशी किती भांडतात ते पहिल्या महिन्यातच कळतं. टीपीएमएसचे स्वस्तातले सेन्सरही एक-दोन पीएसआय इकडेतिकडे दाखवतात. ताडून बघायला दुसरं काही हाताशी नसेल, तर पडद्यावरचा आकडा ब्रह्मवाक्य होऊन बसतो. गेज असलं की सेन्सर बसवल्या दिवशीच त्याची खोड कळते: हा दीड कमी दाखवतो, तो बरोबर आहे. एकदा कळलं की त्या हिशेबाने वाचायचं, भांडण नाही.

कंपनीने सांगितलेला आकडा गाडीवरच लिहिलेला असतो. चेन कव्हरवर, मागच्या चाकाच्या चिमट्यावर किंवा माहितीपुस्तिकेत बघा. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा हा तो नव्हे. ती त्या टायरला सोसणारी कमाल मर्यादा असते, आणि ती बघून हवा भरणारे लोक मी पंपावर नेहमी पाहतो. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५, मागे २८ आणि डबलसीट असताना मागे ३२-३३ अशा आसपासचे आकडे असतात. पण हे माझ्या सांगण्यावरून घेऊ नका, स्वतःच्या गाडीवरचे वाचा. हे आकडे थंड टायरचे असतात, म्हणजे गाडी किमान तीनेक तास उभी राहिलेली असताना मोजायचे. दहा किलोमीटर दामटून पंपावर पोचलात की टायर तापलेला असतो आणि आकडा तीन-चारने फुगलेला. तिथे ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कमी हवेवर निघाला आहात.

आता हे यंत्र घ्यायचं कोणी? घरापासून चार-पाच किलोमीटरवर कचेरी, ट्यूबलेस टायर, वाटेत पावलापावलावर पंक्चरवाले, असं असेल तर दर रविवारी गेज लावा आणि पैसे वाचवा. त्यात कमीपणा काही नाही. पण रोज साताऱ्याहून पुण्याच्या बाजूला हायवेने जाणारे, रात्रपाळी संपवून सुनसान रस्त्याने एकट्याने परतणारे किंवा परतणाऱ्या, डबलसीट घाट चढणारे, दिवसभर पार्सलं पोचवणारे, आणि लांबच्या सफरीला सामान बांधून निघणारे यांच्यासाठी हा खर्च सार्थकी लागतो. कारण ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला की तो बहुधा स्वतःच भोक बुजवून बसतो आणि हवा तासन् तास हळूहळू जात राहते. पुण्यात ३२ असलेला टायर कराडपर्यंत २० वर येतो. मधल्या काळात टायरची बाजू जास्त वाकते, तापते, आणि पंक्चर काढून भागलं असतं तिथे टायरच टाकावा लागतो. तीस वरून सव्वीसवर आलेली हवा हाताला कळत नाही, पडद्याला कळते. हे यंत्र जर कशासाठी घ्यायचं असेल तर एवढ्यासाठी.

ट्यूब असलेल्या चाकाची गोष्ट वेगळी आहे, आणि विकणारे ती सांगत नाहीत. क्लासिक ३५० सारख्या गाड्यांच्या तारांच्या चाकात ट्यूब असते. ट्यूबला खिळा लागला की हवा व्हॉल्व्हच्या भोवतीने आणि आऱ्यांच्या बुडातून भसाभसा निघते. काही सेकंदांत नाहीतर एक-दोन मिनिटांत चाक बसतं. दर चार-पाच मिनिटांनी एकदा आकडा पाठवणारा सेन्सर तिथे केवळ पंचनामा करायला उरतो. म्हणून ट्यूबवाल्यांनी एकच प्रश्न विचारून घ्यावा: हवा झपाट्याने गेली तर हा सेन्सर ठरलेली वेळ सोडून ताबडतोब सूचना देतो का? चांगले देतात. तरीही ट्यूबच्या चाकाला यंत्राचा एक वेगळा उपयोग आहे. ट्यूबमधून हवा नुसती उभ्या उभ्याही झिरपते, आणि कमी हवेवर गाडी चालवली की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूबला ओढतो, व्हॉल्व्ह तिरका होतो आणि एक दिवस बुडाशी फाटतो. त्याला पंक्चर काढता येत नाही, ट्यूबच बदलावी लागते. तुमच्या चाकाचा व्हॉल्व्ह आत्ताच एका बाजूला कललेला दिसत असेल, तर सेन्सर राहू द्या, आधी टायर सैल करून ट्यूब सरळ बसवून घ्या.

बाजारात सगळ्यात जास्त खपतात ते टोपीसारखे सेन्सर. व्हॉल्व्हची प्लास्टिकची टोपी काढायची, तिच्या जागी हा फिरवून बसवायचा, पाच मिनिटांचं काम. किट दोन-तीन हजारांपासून मिळतं. यातली एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तुमची नेहमीची टोपी धूळ अडवते. हवा अडवते ती व्हॉल्व्हच्या आतली पिन. सेन्सरला आतला दाब मोजायचा तर ती पिन दाबून उघडी ठेवावीच लागते. म्हणजे सेन्सर बसला त्या क्षणापासून तुमच्या टायरची सगळी हवा सेन्सरच्या पोटातल्या एका बारीकशा रबरी रिंगवर विसंबून असते. ती रिंग चिरली, आट्यांत माती अडकली, दगड लागून सेन्सरचं कवच तडकलं, तर पंक्चर नसताना हवा जाते. पंक्चर शोधायला लावलेलं यंत्रच गळतीचं कारण झालं, असंही घडतं ते यामुळे. म्हणून बसवल्यावर साबणाचं पाणी लावा आणि अर्धा मिनिट टक लावून बघा. पंक्चरवाले बोटावर थुंकी घेऊन व्हॉल्व्हवर लावतात ते याचसाठी. फुगा धरला तर सेन्सर काढून रिंग बघा. नुसता आवळत बसू नका. पितळी आटे नाजूक असतात, पकडीने आवळले की कापले जातात.

यानंतर व्हॉल्व्ह. ट्यूबलेस मॅगव्हीलला बहुतेक कंपन्या रबरी मानेचा व्हॉल्व्ह देतात. रोजच्या टोपीचं वजन नगण्य, पण सेन्सर असतो सुमारे दहा ग्रॅमचा. दहा ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. सतरा इंची चाक ताशी ८० किलोमीटर वेगाने फिरत असताना व्हॉल्व्हच्या टोकाशी असलेली वस्तू तिच्या वजनाच्या जवळजवळ शंभरपट जोराने रिमकडे ढकलली जाते. दहा ग्रॅमचा सेन्सर त्या वेळी किलोभराचा होतो. ताशी १२० ला दोन किलोंच्या वर. व्हॉल्व्ह अगदी सरळ धुऱ्याकडे तोंड करून असेल तर रबर तो भार सोसेल, पण थोडा जरी तिरका असेल तर मान वाकते, वेग उतरला की सरळ होते, पुन्हा वाकते. काही महिन्यांनी मानेच्या बुडाशी बारीक चिरा पडतात. आजच बघा: रबरी व्हॉल्व्ह अंगठ्याने हळूच आडवा करा आणि बुडाशी नजर टाका. उन्हाने, वयाने तिथे आधीच चिरा असतील तर सेन्सर लावणं म्हणजे आपल्या हाताने संकट ओढवून घेणं.

यावर उपाय सोपा आहे आणि स्वस्तही. पुढच्या वेळी टायर उतरवाल तेव्हा धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. घेताना रिमच्या भोकाचा व्यास मोजून घ्या, साधारण ८.३ किंवा ११.३ मिलीमीटर असतो आणि एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्यात चालत नाही. काटकोनात वळलेला व्हॉल्व्ह मिळाला तर हवा भरणंही सोपं जातं, पण त्याचं तोंड कोणत्या बाजूला ठेवायचं ते बघून ठरवा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, सेन्सर लावा, आणि चाक हाताने एक पूर्ण फेरा हळूहळू फिरवा. पुढे ब्रेकचं कॅलिपर आणि शॉकअपचा पाय, मागे चिमटा आणि स्कूटरला सायलेन्सरची बाजू, या जागी बोट जाईल एवढं अंतर राहिलं पाहिजे. स्कूटरच्या छोट्या चाकात हे अंतर कित्येकदा राहतच नाही. तिथे हट्ट करू नये.

कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. व्हॉल्व्ह पितळी, सेन्सरचे आटे दुसऱ्या धातूचे आणि हवेत मीठ. दोन पावसाळे गेले की हे दोन्ही एकमेकांना असे धरून बसतात की सेन्सर काढताना व्हॉल्व्हच पिळवटून येतो. बसवताना आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा सोडवून पुन्हा लावा. चोरी होऊ नये म्हणून किटसोबत एक पातळ नट आणि छोटा पाना येतो. नट लावायचा की नाही तो तुमचा प्रश्न, पण लावलात तर तो पाना सीटखाली ठेवा. रात्री दहा वाजता वरंध घाटाच्या पायथ्याशी पंक्चरवाला सापडला आणि पाना घरच्या कपाटात असला, तर त्या बिचाऱ्याने करायचं काय?

दुसरा प्रकार टायरच्या आत, रिमला बसणाऱ्या सेन्सरचा. माझ्या मते लांब पल्ल्याच्या आणि ताकदवान गाड्यांसाठी हाच खरा. चोरीला जात नाही, चिखल-दगड लागत नाही, हवा नेहमीच्या पिनेवरच थांबते आणि हवा भरताना काही काढावं लागत नाही. तापमानही तो आतल्या हवेचं सांगतो. बाहेरची टोपी ऊन आणि वारा मोजते, त्यामुळे तिच्या तापमानाच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. आतल्या सेन्सरला अडचणी दोन. एक, त्याची बॅटरी बंदिस्त असते. पाच-सात वर्षांनी संपली की सेन्सरच बदलायचा, तोही टायर उतरवून. टोपीवाल्याचा बटण-सेल मात्र घरी बदलता येतो. दोन, टायर उतरवणारा. लोखंडी पट्टी नेमकी व्हॉल्व्हच्या जागी घातली की सेन्सरचे तुकडे. दुकानात गाडी दिली की पहिलं वाक्य ‘आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने टायर सोडा’ हे असावं, आणि काम होईपर्यंत तिथेच उभं राहावं. सेन्सर वीस-तीस ग्रॅमचा असतो, म्हणून चाकाचं बॅलन्सिंगही करून घ्या. आपल्याकडे दुचाकीचं बॅलन्सिंग कोणी विचारत नाही, पण ताशी ऐंशीच्या वर हँडल थरथरायला लागलं की आठवण येते.

पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये जेल भरून घ्यायची मोठी फॅशन आहे. ते जेल आणि सेन्सर यांचं पटत नाही. सेन्सरचं दाब मोजायचं छिद्र सुईच्या अग्राएवढं असतं, त्यात जेल गेलं की तो तोच आकडा धरून बसतो. आतल्या सेन्सरचं होतं तसंच टोपीवाल्याचंही होतं, कारण पिन उघडी असते आणि जेल व्हॉल्व्हमध्ये उतरून तिथेच साचू शकतं. आणि अडकलेला सेन्सर ‘सगळं ठीक’ असं सांगत राहतो, हे नसलेल्या सेन्सरपेक्षा वाईट. जेल की सेन्सर, एकच काय ते निवडा. मला विचाराल तर ट्यूबलेसला जेलची गरजच नाही. पट्टी मारायचं किट आणि छोटा पंप सीटखाली ठेवा.

आता आकडा बघायचा कुठे? माझा कल स्पष्ट आहे: हँडलवर वेगळा पडदा असलेलं घ्या. नुसत्या मोबाइलवर चालणाऱ्यात गोम अशी की फोन खिशात असतो, बॅटरी वाचवायला तो अ‍ॅप झोपवतो, आणि वाऱ्याच्या आवाजात सूचना ऐकूच येत नाही. शिवाय अ‍ॅप बनवणाऱ्याने दोन वर्षांनी हात झटकले की चालू सेन्सर भंगारात. मोबाइल हेल्मेटमधल्या ब्लूटूथला जोडलेला असेल आणि सूचना कानात बोलून दाखवली जात असेल तर गोष्ट वेगळी. पडदा घेताना दोन गोष्टी बघा. दुपारी बाराच्या उन्हात आकडा वाचता येतो का, आणि पाण्यापासून संरक्षण किती. वेष्टनावर आयपी६७ असं लिहिलेलं असेल तर धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी चालतं, असा त्याचा अर्थ. ताम्हिणीचा जुलै सोसायला एवढं हवंच. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ असं छापलेलं असेल तर ते शब्द म्हणून वाचा आणि पुढे चला. चार्जिंगचं भोक रबरी बुचाने झाकलेलं आहे की उघडं, तेही उलटून बघा. पाणी बहुधा तिथूनच शिरतं.

गाडीच्या कंपनीनेच सोय दिली असेल तर बाहेरचं किट शोधत बसू नका. एथर ४५० मालिकेच्या स्कूटरना कंपनीचेच सेन्सर मिळतात आणि आकडे मूळ पडद्यावर दिसतात. बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाड्यांत ही सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. तिची एक गंमत: पडद्यावरचा आकडा टायरमधली हवा २० अंश सेल्सिअसला असती तर किती दाब असता, असा हिशेब करून दाखवलेला असतो. त्यामुळे तापल्या टायरला पंपावरच्या गेजशी तो कधीच जुळत नाही आणि मालक सेन्सर बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटरला धावतो. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. वाचतं कोण?

सूचना किती आकड्यावर यावी हे तुम्हालाच ठरवून भरायचं असतं, आणि बहुतेकांचं यंत्र इथे फसतं. अमेरिकेत फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातांनंतर २००० मध्ये कायदा झाला आणि पुढे मोटारींना टीपीएमएस सक्तीचं झालं. तिथल्या नियमात सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झालं की दिवा लागला पाहिजे, असं आहे. अनेक किटं हाच अंदाज धरून येतात. चार चाकांवर उभ्या असलेल्या मोटारीला तो चालेल; वळणावर आडव्या होणाऱ्या दोन चाकांना तो फार उशिराचा आहे. मी १५ टक्के धरायला सांगेन. २८ ला साधारण २४, डबलसीटच्या ३३ ला २८. वरची मर्यादा सुमारे २५ टक्के जास्त ठेवा, नाहीतर मे महिन्यात दुपारी चंद्रपूरच्या रस्त्यावर यंत्र बोंबलत राहील आणि तुम्ही कंटाळून ते बंद कराल. एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा भरून ठेवता येतो असं यंत्र मिळालं तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

थंडीत खोटी वाटणारी सूचना येते, तीही समजून घ्या. निफाडकडे दुपारी ३५ अंशांत मागच्या टायरमध्ये २८ भरली. जानेवारीत पहाटे पारा १० अंशांवर असताना गाडी काढली, तर गळती काहीही नसताना तिथे साडेचोवीसच्या आसपास दिसेल. यंत्र खोटं बोलत नाही; हवा आकसली आहे आणि टायरला खरोखरच कमी दाब मिळतो आहे. थंडी सुरू झाली की पहाटेच्या थंड टायरला एकदा हवा बेतून घ्या. नायट्रोजन भरला म्हणजे हे टळतं असं दुकानदार सांगतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि उरलेल्या २२ टक्क्यांनी आकसण्या-फुगण्याचा नियम बदलत नाही.

दरवर्षी इथून बाइक घेऊन लडाखला जाणाऱ्यांसाठी एक टीप. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे साध्या गेजवर टायरचा आकडा वाढलेला दिसतो. लेहच्या साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीपेक्षा पाचेक पीएसआय जास्त येतो. तिकडची थंडी त्यातला काही भाग परत कमी करते. पण बरेच सेन्सर आतला एकूण दाब मोजून त्यातून समुद्रसपाटीचा ठरीव दाब वजा करतात. ते उंचीवर काही वाढल्याचं दाखवतच नाहीत. तेव्हा तिथे गेज आणि पडदा यांचं जुळलं नाही तर घाबरून सेन्सर फेकू नका. हवा गेजवर बघून ठरवा, आणि पडद्यावरचा आकडा सकाळच्या तुलनेत घसरतो आहे का एवढंच बघत राहा.

आणि सूचना आलीच तर? ती ऐकून दचकून ब्रेक दाबणं ही सगळ्यात वाईट प्रतिक्रिया. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, हँडल घट्ट पण सरळ धरा, आरशात बघून डावीकडे या. पुढच्या चाकाची हवा गेली असेल तर मागचा ब्रेक हलक्या पायाने, मागची गेली असेल तर पुढचा हलक्या बोटांनी. बसलेल्या चाकावर ब्रेक लावला की टायर रिमवरून सुटतो. कोणतं चाक ते कळावं म्हणून पडद्यावर पुढचं-मागचं स्पष्ट दिसलं पाहिजे. बसवताना पुढचा सेन्सर मागे जोडला गेला नाही ना, याची खात्री एका चाकाची थोडी हवा सोडून करून घ्या. दुकानदार करून देईल म्हणून सोडू नका.

दुचाकीला हे यंत्र लावण्याची आपल्याकडे सक्ती नाही. त्यामुळे निवड चुकली तर ती तुम्हालाच निस्तरायची आहे. माझा कौल असा: ट्यूबलेस गाडी आणि रोजचा हायवे असेल, तर या वेळी टायर बदलताना धातूचे व्हॉल्व्ह आणि आतले सेन्सर एकदमच बसवून घ्या. टायर अजून नवे असतील, तर धातूचे व्हॉल्व्ह आणि वेगळ्या पडद्याचे टोपीवाले सेन्सर. ट्यूबचं चाक असेल, तर झपाट्याने जाणाऱ्या हवेची सूचना देणारं असेल तरच घ्या. रबरी व्हॉल्व्ह बदलायची तयारी नसेल, तर काही घेऊ नका, गेजवर भागवा. आणि सेन्सर लावलात तर काढलेल्या जुन्या टोप्या फेकू नका. सेन्सर गळायला लागला की तो काढायचा, पिन पुन्हा बंद होते, मग हवा भरून, जुनी टोपी लावून घरी येता येतं. त्या टोप्या पान्यासोबत सीटखाली ठेवा, आणि घरात ती गाडी आणखी कोणी चालवत असेल तर त्यांनाही जागा दाखवून ठेवा.